टेक आणि टोपली

इंग्रजीतल्या सगळ्या शब्दांत माझं डोकं कुणी उठवलं असेल तर ते त्या 'टेक'नं. मेल्याचा काही ठावठिकाणाच नाही!

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. दहावीला माझी इंग्रजीत दांडी उडाली होती आणि मला तर नर्स व्हायचं होतं. पाचूबंदरला आमचं घर. वडील बोटीवर, आय बाजारात मासळी विकायची. निकालाच्या दिवशीच तिनं बजावलं, "ऑक्टोबरला आनखी एकदा बस. तवा पन नापास झालीस तर टोपली उचलायची नि माझ्यासंगं बाजारात यायचं."

म्हणून मी रोज दुपारी शाळेतल्या बाईंच्या घरी शिकायला जायची. टेक म्हणजे घेणे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, कपडे टेक ऑफ करणे म्हणजे कपडे काढणे. अहो, मग घ्यायचं की काढायचं? आणि विमान टेक ऑफ करतं तेव्हा ते काय काढतं?

"ते उडतं," बाई म्हणाल्या.

टेक प्लेस म्हणजे घडणे. टेक आफ्टर म्हणजे आईवर नाहीतर बापावर जाणे. मी वैतागून म्हटलं, "बाई, एकदा काय ते ठरवा ना!" त्या हसतच सुटल्या. इथं मला आयची टोपली दिसत होती आणि यांना हसू सुचत होतं.

घरी आय अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी तिच्यापाशी गाऱ्हाणं घातलं.

"घेनं म्हंजे घेनं. त्यात शिकायचं काय?" ती म्हणाली. मग माझं तोंड बघून जरा नरमली. "लयच मनावर घेतलंस गो. जरा दम घे. नि धाकटीला कडेवर घे, रडते बघ ती."

तिचं सगळं घेणं मला बिनचूक कळलं. कसं कळलं, तेच काही केल्या कळेना.

ऑक्टोबरच्या पेपरात टेक आलाच. कुठं ऑफ, कुठं आफ्टर, सगळी खिचडी झाली. निकाल लागला, पुन्हा नापास! मी ऊर फुटेस्तोवर रडले. आय उठून टोपली धुवायला लागली, त्याची मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तिची जुनी साडी नेसले, पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. लिलावात घेतलेली मासळी आयनं टोपलीत भरून ठेवली होती. मी वाकून टोपलीला हात घातला, तर तिनं हातावर फटकाच मारला.

"सोड!"

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, उचलायची म्हणून?"

"म्हटलं असंल."

माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून तिनं आपल्या डोक्यावर ठेवली. मला टोपलीला हात लावू दिला नाही. शेजारणीला हाक मारून ती चढवून घेतली आणि चालू लागली. मी तिथंच खुळ्यासारखी उभी.

वळणावरून तिचा आवाज आला, "मार्चला परत बस. नि ती साडी काढ आधी, वास लागंल."