तीन सिंहांच्या मुलखात वालबाई

वालबाई म्हशी चारायला जाऊ लागली ती काही हौसेनं नव्हे. गीरमध्ये म्हशी पुरुष नेतात. बायका धारा काढतात, शेणं थापतात, ताक घुसळतात आणि दिवस कलला की नेसाच्या, म्हणजे गुराख्यांच्या वस्तीच्या, काटेरी कुंपणाशी उभ्या राहून घंटांचा कानोसा घेतात. लग्न होऊन आल्यापासून वालबाईनंही हेच केलं होतं. माझी दुधाची फेरी तिच्या रायणवाळा नेसापासूनच सुरू होते, म्हणून तिचा संसार मी जवळून पाहिलेला. मोटरसायकलला कॅन लटकवून मी नेसानेसावर दूध गोळा करतो आणि मेंदरड्याच्या डेअरीत नेऊन घालतो. मी आहीर, ती चारण. चारण बाईला आम्ही आईच म्हणतो, मग ती वयानं धाकटी का असेना.

तेव्हा आमच्या भागावर दोन सिंहांचं राज्य होतं, भूरो आणि बाडो. भूरो फिकट आयाळीचा. बाडोचा एक डोळा तिरपा, म्हणून बाडो. ही नावं जुम्माभाईंनी ठेवलेली. ते तलाल्याकडचे सिद्दी, जंगल खात्यात सिंहांचा माग काढायच्या कामावर. या जोडीचा मुलूख मोठा होता. माझा पहिला नेस त्यात यायचा, टेकडीपलीकडचे दोनही यायचे, आणि खाली पार ओढ्याच्या संगमापर्यंत त्यांचीच सत्ता. त्यात सिंहिणींची तीन कुटुंबं आपापल्या जागी राहायची आणि हे दोघं एकीकडून दुसरीकडे फेऱ्या मारायचे. पहाटे एक जण टेकडीवरून डरकाळी द्यायचा, दुसरा ओढ्यातून उत्तर द्यायचा. ते उत्तर ऐकलं की वालबाईचा नवरा नागदान म्हणायचा, "झाडलोट झाली. आता बाहेरचं कुणी येत नाही."

आणि खरंच येत नसे. जोडी पक्की असली की जंगल शांत राहतं. पिल्लं वाढतात, सिंहिणी ठरलेल्या जागी चितळं मारतात, म्हशींच्या कळपातून कधीमधी एखादं म्हातारं जनावर जातं. त्याचं कुणी फार मनाला लावून घेत नसे.

मग बाडो मेला. एका शेताच्या कडेला बिनकठड्याची विहीर होती, रोझाच्या, म्हणजे नीलगाईच्या, मागे धावताना तो तिच्यात पडला. त्यानंतर भूरो रोज पहाटे टेकडीवर चढायचा, डरकाळी द्यायचा आणि थांबायचा. ओढ्यातून उत्तर येत नव्हतं. हे आम्हाला ऐकू येत होतं, तसं हिरण नदीच्या पलीकडे फिरणाऱ्या तीन तरण्या नरांनाही ऐकू येत असणार. थंडी सरता सरता ते तिघं अलीकडे आले. एकट्याचं त्या तिघांपुढे काय चालणार? भूरोनं आधी टेकडी सोडली, मग संगम सोडला. शेवटी तो आंबराईच्या कडेला जाऊन राहिला, अंगावर जखमा घेऊन.

"आता बघा," जुम्माभाई मला म्हणाले, "नव्यांना आपली सत्ता बसवायची घाई असते. आधीच्याची पिल्लं ते ठेवत नाहीत. माद्या पिल्लं घेऊन पळणार, कुणी कुठं, कुणी कुठं. आणि सगळा राग येणार गुरांवर."

तसंच झालं. भर दुपारी तिघं कळपावर पडले. दोन बाजूंनी हुसकावलं आणि तिसरा वाटेत दबून बसलेला. म्हशी उधळल्या, त्यात नागदान दगडांत आपटला. कंबरेचं हाड मोडलं. दोन म्हशीही गेल्या. आम्ही त्याला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणला आणि तिथून जुनागढला नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला गेलो तर म्हशी कुंपणात ओरडत होत्या. वालबाईच्या कॅनमध्ये जेमतेम तळ झाकेल इतकं दूध.

"आई, आता?" मी विचारलं.

"आता काय? बांधलेल्या म्हशीला काय वारा खाऊ घालू?" ती म्हणाली. "पण एकटीनं कळप सांभाळला जात नाही, मेराम. पुढं एक माणूस लागतं, मागं एक लागतं."

मागचं माणूस एकच होतं, ते म्हणजे तिची धाकटी जाऊ जेतबाई. जेतबाईचा नवरा हरसूर आंबराईत ट्रॅक्टर चालवायला गेलेला, महिन्यातून एकदा घरी येणारा. जेतबाईच्या म्हशीही नागदानच न्यायचा. पण दोघी जावांचं बोलणं बंद होतं. एका लग्नात वालबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आमच्या जेतूला शेणाचा वास सोसत नाही, ती मोठ्या घरची." तेव्हापासून चुली वेगळ्या आणि ताकाची देवघेवही बंद.

मी कॅन बांधत असतानाच वालबाई जेतबाईच्या झोपडीच्या दारात जाऊन उभी राहिली. जेतबाई बाजरीची भाकरी थापत होती.

"आत यायला मुहूर्त काढायचा आहे का, भाभी?" मान वर न करता ती म्हणाली.

"उद्यापासून म्हशी मी नेते."

"न्या की. मला कशाला सांगता?"

"तू मागं चाल."

"मी? मला तर शेणाचा वास सोसत नाही."

वालबाई उंबरा ओलांडून आत आली. मग म्हणाली, "बोलले होते. चुकलं. पण तुझा आवाज, जेतू, सगळ्या नेसात तसा कुणाचा नाही. कुत्रं बाजूला होतं. सिंह का नाही होणार?"

जेतबाईनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. "क्षमा मागायला आलात की शिव्या द्यायला?"

"दोन्ही. वेळ कमी आहे."

"आधी बसा. भाकरी गरम आहे."

पहिले काही दिवस फजितीचेच होते. म्हशींना नागदानच्या हाकेची सवय. वालबाईनं "हो हो" म्हटलं की नवचंद्री नावाची पुढारी म्हैस वळून तिच्याकडे बघायची आणि सरळ घरची वाट धरायची. नेसातले अमराबापा खाटेवरून मजा बघायचे.

"वालबाई, सिंहांची पंचाईत केलीस गं! बायकांच्या म्हशी मारल्या तर तोंड कुठं दाखवतील?"

"त्यांचं ते बघतील, बापा. तुमचा लेक उन्हं अंगावर आल्याशिवाय उठत नाही, त्याचं तोंड आधी धुवा."

अमराबापाच मोठ्यानं हसले. आठवड्याभरात त्यांनी आपल्या म्हशीही या दोघींच्या मागे सोडल्या.

वालबाईनं नागदानची लोखंडी कड्यांची काठी घेतली होती. तिची गाठ त्या तिघांतल्या एकाशी पडली ती पळसांच्या वाटेवर, सकाळीच. तो वाटेतच आडवा पडला होता. त्यानं मान उचलली, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. मागे म्हशी थांबल्या आणि शिंगं पुढे करून एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. वालबाई मला नंतर म्हणाली, "माझे पाय माझे नव्हतेच, मेराम. पळायचं ठरवलं असतं तरी पळता आलं नसतं. म्हणून उभी राहिले."

तिनं काठी दगडावर आपटली. कड्या खणखणल्या. तेवढ्यात मागून जेतबाईचा आवाज फुटला, "ऊठ रे! वाट तुझ्या बापाची आहे का?" नवचंद्री फुरफुरत दोन पावलं पुढे गेली. सिंह उठला, गुरगुरला आणि फार घाई न दाखवता झाडीत निघून गेला. दोघी तिथंच खाली बसल्या. आधी रडल्या, मग हसल्या, मग कुणाचा आवाज जास्त मोठा यावर भांडल्या.

पण रोज रोज हिंमत दाखवून म्हशी वाचत नाहीत. त्याच आठवड्यात अमराबापांची एक पारडी गेली. तेव्हा वालबाईनं मला थांबवून विचारलं, "मेराम, तू सगळीकडे फिरतोस. हे तिघं रोज आमच्याच उरावर का?"

"रोज कुठं, आई? काल काळापाणा नेसावर ओरडत होते. परवा संगमाशी."

"म्हणजे एकाच ठिकाणी राहत नाहीत."

"कसे राहतील? जोडीचा मुलूख घेतला, शिवाय हिरणकाठचा आपलाही सोडला नाही. सिंहिणींच्या पाच घरांवर मालकी सांगायची, तर पाय मोडेपर्यंत चालावंच लागणार."

ती विचारात पडली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुधाच्या फेरीला आणखी एक काम लागलं. प्रत्येक नेसावर मी विचारायचो, डरकाळी कुठून आली, पावलं कुठं दिसली. जुम्माभाई भेटले की त्यांच्याकडूनही कळायचं. रायणवाळ्याला पोचल्यावर मी सांगायचो आणि त्यावर दोघी ठरवायच्या. तिघं संगमाकडे गेले असतील तर म्हशी टेकडीवर. तिघं टेकडीवर आले की म्हशी नेसाजवळच, गवत कमी मिळालं तरी चालेल. तिघांची फेरी पुरी व्हायला चार-पाच दिवस लागायचे. त्यांच्या पाठीपाठीनं कळप चरायचा. चैत्र लागेपर्यंत कळपाला पुन्हा धक्का लागला नाही. दूध वाढलं. इतर नेसांवरचे गुराखीही मला अडवून विचारायला लागले, "आज रायणवाळ्याच्या बाया कुठं निघाल्यात?"

या जंगलात असं तिघांची वाट टाळून चालणारं आणखी एक जण होतं. नेसाच्या खालच्या घळीत जेतबाईला एक सिंहीण दिसली, बरोबर तीन पिल्लं. भूरो-बाडोच्या वेळची.

"हुसकावून लावू," जेतबाई म्हणाली. "घराला इतकं चिकटून? उद्या दारात येईल."

"ती तिघांना चुकवत फिरतेय," वालबाई म्हणाली. "माणसांच्या जवळ ते कमी येतात, म्हणून ही इथं. हुसकावलीस तर कुठं जाईल?"

"आणि तिनं आपलंच रेडकू उचललं तर?"

"तर उचललं."

चार दिवसांनी उचललंच. वालबाईच्या हाताला चाटणारं, नुकतं गवत खायला लागलेलं रेडकू. जेतबाई चिडली. "घ्या! करा पाहुणचार! आता ओटीही भरा तिची!"

 त्या दिवशी वालबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कुंपणाला घळीच्या बाजूनं बोरीचे काटे छातीएवढे उंच रचले, रेडकं आतल्या खोपीत घेतली आणि म्हशींची वाट बदलली, म्हणजे घळीकडे त्यांचा पायच पडायला नको. जेतबाई शिव्या घालत होती आणि काटे ओढून आणत होती. काम संपल्यावर म्हणाली, "एकदा चुकलं ते आपलं कुंपण ठेंगणं होतं म्हणून. आता आली तर मात्र मी ऐकणार नाही हं, भाभी." सिंहीण पुन्हा कुंपणाकडे आली नाही. घळीत चितळं पाण्याला येत, तिचं तिथंच भागत होतं. तीनातलं एक पिल्लू पुढे दिसेनासं झालं. ते तिघांनी मारलं की आजारानं गेलं, कुणाला कळलं नाही. दोन मात्र आईमागे चालत राहिली.

वर्ष उलटलं. तिघांचं बस्तान बसलं, पण सगळीकडे नाही. इतका मोठा मुलूख रोज राखणं त्यांनाही जमेना. एका टोकाला भांडण मिटवावं तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी घुसलेलं. त्यात एक दिवस जुम्माभाई नेसावर आले ते मोटरसायकल उभी करायच्या आधीच ओरडत, "आई, चहा टाका! भूरोला सोबती मिळाला!"

"कुठला?"

"काळ्या आयाळीचा. समुद्राकडून आलाय, त्याचाही जोडीदार गेलेला दिसतो. रक्ताचं नातं नाही, पण दोघं एकाच शिकारीवर बसले. काल एकमेकांच्या मानेला मान घासत होते."

"असं होतं?" जेतबाईनं विचारलं.

"होतं ना. एकट्याला कुणी विचारत नाही. दोघं झाले की समोरचा दहादा विचार करतो."

त्या जोडीनं सगळा जुना मुलूख काही परत मिळवला नाही. पण आंबराईपासून आमच्या घळीपर्यंतचा पट्टा त्यांनी घेतला आणि तिघांनी तो सोडला. दोनदा जोराची मारामारी झाली, मग हद्द ठरून गेली. सिंहिणीची दोन्ही पिल्लं तोवर आईच्या खांद्याला आली होती, दोघंही नर. नव्या काळ्या आयाळीवाल्यानं गुरगुरून दाखवलं तशी ती दोघं ओढा ओलांडून दूर निघून गेली, जिवंत आणि धडधाकट. वालबाईनं ती जाताना पाहिली. "चांगलं झालं," एवढंच म्हणाली, आणि नवचंद्रीला हाक मारली. नवचंद्री आता तिच्या हाकेला वळत होती.

नागदान कुबडी टाकून काठीवर चालायला लागला. एका सकाळी तो कुंपणाशी येऊन वालबाईपुढे हात पसरून उभा राहिला.

"आण माझी काठी. मी जातो."

"किती लांब जाल? पळसापर्यंत?"

"तिथून बसत बसत जाईन."

"आणि सिंह आला तर त्यालाही बसा म्हणाल?"

"मग मी दिवसभर करू काय?"

"धारा काढा. ताक घुसळा. मी इतकी वर्षं काय करत होते, ते विसरलात?"

नागदान माझ्याकडे बघायला लागला. मी कॅनचं झाकण घट्ट करण्यात गुंतलो. शेवटी तो बादली उचलून गोठ्याकडे वळला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या हाताला म्हशी जास्त पान्हा सोडतात, हे आता सगळा नेस कबूल करतो. भाकऱ्या मात्र त्याच्या अजून अमराबापांची कुत्रीही खात नाहीत.

हरसूरनं ट्रॅक्टर सोडला. तो परत आला तेव्हा जेतबाईनं त्याला सांगितलं, की कळपामागे यायचं असेल तर यावं, पण मधे चालायचं. पुढं भाभी, मागं मी.

मागच्या महिन्यात काळापाणा नेसावरून निरोप आला. तिथल्या दोन नव्या सुनांना म्हशी न्यायच्यात, घरचे पुरुष शहरात कामाला गेलेत, कुणीतरी चार दिवस बरोबर चालून वाट दाखवा. निरोप मीच आणला होता.

"जाता का, आई?" मी विचारलं.

वालबाई जेतबाईकडे बघून म्हणाली, "चल गं. तुझा आवाज तिकडेही ऐकू जाऊ दे."

"आधी त्यांना सांगून ठेवा, माझ्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका म्हणावं," जेतबाई म्हणाली, आणि दोघी वाटेसाठी कांदा-भाकरी बांधायला आत गेल्या.