शेठ झोपले आहेत

आनंदराव पराते हळू बोलतात असं सांगणारा माणूस नागपुरात अजून भेटायचा आहे. त्यात त्यांचा दोष नाही. तांडापेठेतल्या घरात तीन माग होते, तिन्ही एकाच खोलीत, आणि त्या खटखटीच्या वर ज्याचा आवाज जाईल त्याच्याच ताटात दुसऱ्यांदा भाजी पडायची. पुढे माग एकेक करून बंद पडले, तेव्हा आनंदराव लकडगंजातल्या एका आरामशीनवर लागले. तिथे सागाचे ओंडके कापताना जो आवाज होतो त्याच्यापुढे माग म्हणजे कानगोष्ट. अशी सगळी उमर काढून ते निवृत्त झाले आणि हुडकेश्वरला मुलाच्या घरी राहायला आले. तेव्हापासून पराते काकांकडे आज काय शिजलं हे विचारायला गल्लीत कोणाला उठून जावं लागत नाही.

घरात मात्र दिवसभर एकच चालायचं. बायको अंजनाबाई म्हणायची, "आवो, हळू बोला." मुलगा वैभव म्हणायचा, "बाबा, हळू." सून ऋतुजा काही म्हणायची नाही, फक्त फोन हातात धरून दुसऱ्या खोलीत जायची.

मग प्रज्वल झाला. हे तीन महिन्यांचं लेकरू आजोबांचा आवाज ऐकून दचकायचं नाही, उलट तोंडाचं बोळकं उघडून हसायचं. आनंदरावांना आयुष्यात पहिल्यांदा असा श्रोता मिळाला. आयुष्यभर शेठलोकांची नोकरी केलेली, त्यामुळे त्यांनी नातवाचं नावच शेठ ठेवून दिलं. सकाळी उठून ते शेठला पेपर वाचून दाखवायचे आणि शेठ मान्यता द्यायचे.

आता हा शेठ हातचा जायची वेळ आली होती.

झालं असं, की ऋतुजाची बाळंतपणाची सुट्टी संपली. प्रताप नगरातल्या एका लॅबमध्ये ती रक्त घ्यायचं काम करते. लेकरू अंजनाबाई सांभाळणार हे ठरलेलं होतं. पण अंजनाबाई न्हाणीत घसरली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि लेकीने, भावनाने, तिला आपल्या घरी नेलं. ऋतुजाने लॅबजवळचं एक पाळणाघर बघून ठेवलं होतं.

"घरात धडधाकट माणूस असून लेकरू पाळणाघरात?" आनंदराव म्हणाले. हे पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं. "लोक म्हणतीन, बुढा मेला काय."

"मामाजी, प्रश्न सांभाळायचा नाही," ऋतुजा म्हणाली. "तो माझ्याशिवाय कोणाच्या हातून दूध पीत नाही."

शेवटी ठरलं. एक दिवस बघायचं. त्या दिवशी आजोबांच्या हातून वाटी-चमच्याने प्याला, तर लेकरू घरी राहील. नाही प्याला, तर दुसऱ्या दिवसापासून पाळणाघर, आणि मग मामाजींनी काही बोलायचं नाही. आनंदरावांना काही न बोलण्याची अट घालणं ही मोठीच गोष्ट होती, पण त्यांनी ती मान्य केली.

त्या सकाळी ऋतुजाने स्टीलच्या तीन छोट्या डब्या फ्रिजमध्ये ठेवल्या. स्वतःचं दूध तिने काढून ठेवलं होतं. सून अशा दुधाबद्दल समजावून सांगत असताना सासऱ्याने कुठे बघावं, हे आनंदरावांना कोणी शिकवलेलं नव्हतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"गॅसवर नाही ठेवायची हं डबी. गरम पाण्यात ठेवायची. आणि रडायची वाट नाही बघायची. हात तोंडात घालतो, मान वळवून शोधतो, जीभ बाहेर काढतो. तेव्हाच पाजायचं. एकदा रडायला लागला की मग घेत नाही तो. लक्षात राहील ना?"

"हो हो," आनंदराव म्हणाले. त्यांच्या लक्षात एवढंच राहिलं होतं, की येत्या गुरुवारी एकादशी आहे.

ऋतुजा स्कूटीवरून गेली. वैभव त्याआधीच बुटीबोरीच्या कंपनीत गेला होता. घरात राहिले आजोबा, शेठ आणि एप्रिलचं ऊन.

आनंदरावांना आपल्या कामगिरीची अजिबात धास्ती नव्हती. त्यांच्याकडे झोळी होती. अंजनाबाईच्या जुन्या लुगड्याची झोळी, लुगडं त्यांनी स्वतः विणलेलं, दोरी छताच्या कडीला. तांडापेठेत हीच पद्धत. तिथे झोळीची दोरी मागाच्या चौकटीला अडकवायचे. विणताना बापाने फणी मारली की झोळी आपोआप हलायची. माग चालू तोवर पोरगं झोपलेलं, आणि पोरगं झोपलेलं तोवर बाई सुताच्या कांड्या भरायला मोकळी. ज्या घरातली लेकरं गुमान झोपतात ते घर चांगलं, असा सगळ्या मोहल्ल्याचा हिशेब होता. वैभव आणि भावना दोघेही असेच मोठे झाले.

प्रज्वल कुरकुरला. आनंदरावांनी झोळीत घालून झोका दिला, मागाच्या तालावर. खट, खट. कूलर घरघरत होता. शेठ झोपले.

पुष्कळ वेळाने पुन्हा कुरकुर झाली. त्याआधी झोळीत दोन इवलाले हात तोंडाकडे गेले होते, पण त्याला आवाज नसतो आणि आनंदराव आवाजाचे माणूस. कुरकुर ऐकू आली तशी त्यांनी दोरी धरली. शेठ जरा रडले, मग झोपले. आनंदरावांनी झोपलेल्या नातवाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. वैभवने लगेच लिहिलं, ‘बाबा एक नंबर.’

तिसऱ्यांदा तर प्रज्वल फार रडलाही नाही. दोन झोक्यांत गप्प झाला. आपला हात चांगलाच बसला आहे, असं आनंदरावांना वाटलं. वेळ मिळाला म्हणून त्यांनी जेवण केलं. जेवून उठले तोच अंजनाबाईचा फोन आला.

"काय करून राहिला गा माझा राजा?"

"झोपला आहे. तिसऱ्यांदा झोपवला. तुले जमलं नसतं."

"पेला किती?"

"पेईन कसा? झोपून आहे ना तो."

"सकाळपासून?"

"मंग काय सांगून राहिलो वं तुले? आवाज नाही त्याचा."

"लंगोट किती बदलवले?"

"एकबी नाही," आनंदराव अभिमानाने म्हणाले. "कोरडा ठणठणीत. लेकरू मोठं शहाणं आहे."



"आवो," अंजनाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, "पोटात काही गेलं नाही तं लंगोट वला होईन कशानं?"

आनंदराव उभे होते ते खाटेवर बसले.

"भुकेनं उठते तो. अन् तुम्ही झोका देऊन राहिले."

"तांडापेठेत आपण असंच तं करत होतो."

"आपण? उठलं का मी घेत होती ना त्याले पदराखाली. घेतलं, पाजलं, मंग झोळीत टाकलं. तुम्हाले झोकाच दिसला. पाजलेलं कुठून दिसन, तुमची पाठ होती माझ्याकडे."

हे खरं होतं. मागावर बसलेल्या माणसाचं तोंड भिंतीकडे असायचं.

"उठवा त्याले. कपडे काढा, तळपाय चोळा, वल्लं फडकं लावा. अन् नाही उठला तं दवाखान्यात घेऊन जा, बसून नका राहू. ऋतुजाले फोन करा."

"तिले नको."

"काहून नको?"

आनंदरावांनी फोन ठेवला.

झोळीतून काढलं तर प्रज्वल हातात जड लागला, आणि मान एका बाजूला गेली. झबलं काढलं. तळपाय चोळले. एरवी पायाला बोट लागलं तरी लाथ मारणारा शेठ, त्याने पाय जरासा ओढून घेतला आणि पुन्हा सैल सोडला. ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. भिवया वर गेल्या, डोळे उघडले नाहीत.

"शेठ," आनंदराव म्हणाले. "ओ शेठ. उठा ना गा. दुकान उघडायचं आहे."

ओठ सुकलेले होते. ते सकाळपासून तसेच असतील, त्यांनी बघितलेच नव्हते.

फ्रिजमध्ये तीन डब्या भरलेल्या होत्या. पाळणाघराचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला. आत्ता ऋतुजाला कळवलं की विषय संपला, हे त्यांना लख्ख कळत होतं. थोडा वेळ थांबलं, लेकरू उठलं, एखादी डबी पोटात गेली, तर कोणाला काही सांगायची गरज पडणार नव्हती. अंजनाबाईला काय, समजावून घेतलं असतं. त्यांनी पुन्हा तळपाय चोळले. पुन्हा मान एका बाजूला गेली.

त्यांनी ऋतुजाला फोन लावला. तिने उचलला नाही. हातात सुई असताना ती उचलत नाही. मग त्यांनी बोलून निरोप पाठवला.

"मामाजी बोलून राहिलो. लेकरू सकाळपासून काही पेलं नाही. भूक लागली का मी झोका देत होतो, माह्या ध्यानात नाही आलं. आता उठून नाही राहिला. दवाखान्यात नेऊन राहिलो. तू ये."

चपला पायात घातल्या. कूलर बंद केला. बाहेर ऊन इतकं की समोरचा रस्ता पांढरा दिसत होता, आणि लेकरू उघडं. झाकायला काहीतरी पाहिजे म्हणून त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. दाराजवळच्या खुंटीला ऋतुजाची जांभळी ओढणी होती. तीच ओढली, प्रज्वलला गुंडाळला आणि उरलेली टोकं वाऱ्याने उडू नयेत म्हणून स्वतःच्या खांद्यावरून, मानेवरून घेतली. मिशा, टक्कल आणि वरून जांभळी ओढणी. या वेषात ते कडी काढायला गेले.

कडी काढली तोच छातीपाशी काहीतरी हललं.

आईच्या वासाच्या त्या ओढणीत प्रज्वलने नाक खुपसलं होतं. मान इकडे वळली, तिकडे वळली. डोळे मिटलेलेच, पण एक मूठ हळूहळू वर सरकत तोंडाशी आली आणि तोंडातून जिभेचं गुलाबी टोक बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा बाहेर आलं.

आनंदराव तसेच उभे राहिले. हात, मान, जीभ. कॅलेंडरकडे बघत असताना कानावरून गेलेलं सगळं आता एकेक करून परत आलं.

डबी गरम पाण्यात धरायला त्यांना एकच हात मोकळा होता. दुसऱ्या हाताने त्यांनी लेकरू ओढणीसकट धरलं होतं, आणि ओढणी सुटली की शोधणं थांबेल या भीतीने ते कोपरही हलवत नव्हते. जमिनीवर बसून दिलेला पहिला चमचा हनुवटीवरून गळ्यावर ओघळला. दुसरा अर्धा सांडला. प्रज्वलचा चेहरा आक्रसला, रडणं येणार असं दिसलं. आनंदरावांच्या मांडीने सवयीने एक झोका दिला, आणि लगेच त्यांनी ती दाबून धरली. झोका दिला तर झोपेल. रडला तर घेणार नाही. दोन्हींच्या मध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात चमचा न्यायचा होता. मागावर तुटलेला धागा जोडताना श्वास धरायचे, तसा त्यांनी धरला. चमचा खालच्या ओठाला टेकवला आणि थांबले.

जीभ आली. दूध चाटलं. घसा हलला.

चौथ्या-पाचव्या चमच्याला डोळे उघडले. शेठने आजोबांकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं, व्यवहारात काही गडबड आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, पण तोंड उघडंच ठेवलं.

ऋतुजाने निरोप ऐकला तशी ती निघाली होती. वाटेत दोनदा फोन केला, पण आनंदरावांचा फोन खाटेवर थरथरत राहिला. स्कूटी फाटकात टाकून ती पायऱ्या चढली आणि थबकली. घरातून आवाज नव्हता. कूलरचा नाही, झोळीच्या कडीचा नाही आणि मामाजींचाही नाही. लग्न होऊन आल्यापासून या घरात ते जागे असताना असं कधी झालं नव्हतं. दार नुसतं लोटलेलं आहे हे तिला दोनदा कडी वाजवल्यावर कळलं.

"मामाजी!"

आनंदराव जमिनीवर बसले होते, अंगाखांद्यावर तिची ओढणी, घामाने निथळत. त्यांनी चमच्याचा हात वर करून बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," ते पुटपुटले. "हळू बोल वं. जेवून राहिला तो."

ऋतुजा दारातच बसली. आईचा आवाज ऐकून प्रज्वलने मान फिरवली. तिने हात पुढे केले, मग स्वतःच मागे घेतले. मान पुन्हा चमच्याकडे आली. डबी संपली. शेवटी आनंदरावांच्या पायजम्यावर एक गरम ओल पसरत गेली. त्यांनी ती बघितली आणि डोळे पुसले, ओढणीनेच.

मग ऋतुजाने लेकराला जवळ घेतलं. सगळीकडून बघितलं. पोट, ओठ, डोळे. त्याला पदराशी घेऊन ती पाठमोरी बसली, तसे आनंदराव कॅलेंडरकडे वळले.

"संध्याकाळी डॉक्टरला दाखवून आणू," ती म्हणाली.

"हो."

"फोटो बघून मला वाटलं, पिऊन झोपला."

"त्या पाळणाघरवाल्या बाईले फोन करून दे," आनंदराव म्हणाले. "ठरलं होतं आपलं. मी काही नाही बोलत."

लेकराचा चुटूचुटू आवाज येत होता. आनंदरावांना तो ऐकू येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"झोळी काढा," ऋतुजा म्हणाली. "प्यायल्याशिवाय झोळी नाही."

आनंदराव उठून दोरीची गाठ सोडायला लागले. गाठ त्यांनीच मारलेली, घट्ट. ती सोडता सोडता ते थांबले.

"म्हणजे उद्या..."

"उद्या मी जुनी ओढणी ठेवून जाईन, मामाजी. ही मला भावाच्या साखरपुड्याला घालायची होती."

आनंदरावांनी खांद्यावरच्या जांभळ्या ओढणीकडे बघितलं. दूध, घाम आणि बाकी सगळंच तिला लागलं होतं.

"धुऊन देतो मी," ते म्हणाले. आणि हे पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं.