साडूंनी जॅक लावला

साडू निवडता येत नाही. बायको निवडताना निदान चार प्रश्न विचारता येतात. तिच्या थोरल्या बहिणीने कोणाला पसंत केलंय, ते कोणी तपासत नाही. मीही तपासलं नाही आणि थेंबराव माझ्या वाट्याला आले. तेही घरी आणि कामावर, दोन्हीकडे.

आम्ही एकाच हँगरमध्ये. मी विमानांचे पत्रे ठोकतो, ते जॅक सांभाळतात. मोटारीचं चाक बदलायचा जॅक नव्हे. हे तीन पायांचे, छातीएवढे उंच. तेलाच्या दाबाने मधला दांडा वर सरकतो आणि पंखांना धरून अख्खं विमान उचललं जातं. मग आम्ही खाली शिरून बिनघोर काम करतो. बिनघोर का, तर दांडा वर जाईल तसा त्याच्यावरचा एक भलामोठा नट फिरवत खाली टेकवत आणायचा असतो. एरवी त्या नटावर काडीचं वजन नसतं. पण तेलाने दगा दिला, तर विमान त्याच्यावर टेकून राहतं. या नटावर थेंबरावांची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी लोकांची देवावर नसते.

थेंबराव हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाही. हा माणूस प्रत्येक जॅकखाली पांढरा कागद अंथरतो. सकाळी आला की चहा नाही, रामराम नाही. थेट गुडघे टेकून कागद बघणार. तेलाचा एक थेंब दिसला, की तो जॅक कामातून बाद. मग जो सापडेल त्याला व्याख्यान: सील कसं झिजतं, तेलात हवा शिरली की काय होतं, दांडा उघडा ठेवला तर धूळ कशी बसते. ऐकणारा जेवायला निघालेला असतो, हे यांच्या गावीही नसतं. आपल्याइतकं कोणाला काही कळत नाही, असं यांचं ठाम मत आहे आणि ते मागितल्याशिवाय मिळतं. ताई, म्हणजे यांची बायको, सांगते, "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा हे म्हणाले, कुठून गळतंय?"

आता गंमत बघा. जन्मभर जॅक लावण्याचा पगार घेणाऱ्या या माणसाने कोणासाठी कधी 'जॅक' लावला नाही. वशिला, ओळख, साहेबांच्या कानात एखादा शब्द, यातलं काही नाही. माझ्या मुलाच्या नोकरीचं विचारायला गेलो, तर म्हणाले, "किती टनांचा आहे मुलगा?" मुलगा दुसरीकडे लागला, सुखात आहे. पण ते वाक्य मी विसरलेलो नाही.

पुढे पाळी त्यांच्याच मुलीची आली. पोर हुशार. यंत्रांचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि हँगरमध्येच काम करायचं म्हणून हटून बसली. भरतीच्या परीक्षेला कोणाला बोलवायचं, हे मोठ्या साहेबांच्या हातात. आणि त्याच सुमाराला मोठ्या साहेबांनी नवे जॅक घेतले.

निवड फार बारकाईने झाली होती. किती टन उचलतो आणि रंग कोणता, या दोन्ही गोष्टी साहेबांनी जातीने पाहिल्या. पिवळेधमक जॅक आले. ते तपासून थेंबरावांनी पसंतीची सही करायची, एवढंच बाकी होतं. साहेब गोड आवाजात म्हणाले, "थेंबराव, मुलगी हुशार आहे म्हणे तुमची?"

यापेक्षा स्पष्ट कोणी काय बोलणार? मूल असतं तरी समजलं असतं. थेंबरावांनी जॅकवर वजन घालून पाहिलं, उतरवलं, खाली कागद अंथरले आणि घरी गेले. सकाळी एका कागदावर थेंब.

"गळतोय. सही नाही."

मी समजावलं. ताईने समजावलं. "अहो, एका थेंबासाठी पोरीच्या नशिबावर पाणी सोडता?" ती म्हणाली. हे ढिम्म. परीक्षेचे निरोप निघाले. शेजारच्या रंगाऱ्याच्या पुतण्याला आला, जो स्क्रू उलटा फिरवतो. आमच्या भाचीला आला नाही. त्यांच्या घरात अबोला असा, की नळाखालच्या वाटीत पडणारं पाणीसुद्धा ऐकू यावं.

मग एक विमान आलं. त्याच्या चाकांच्या एका पायातला दाब गेल्यामुळे ते त्या बाजूला बसलं होतं, पंख खाली झुकलेला. तो पाय काढायचा, म्हणजे विमान उचलणं आलं. साहेब म्हणाले, "नवे जॅक आणा. सही राहू द्या बाजूला." वाजतगाजत आणले. पंखाखाली ढकलले, तर जातच नाहीत. दांडा पूर्ण खाली असूनही जॅक पंखापेक्षा चांगला वीतभर उंच! धडधाकट उभ्या विमानाखाली ते मजेत गेले असते. पण बसलेलं विमान उचलण्यासाठीच तर जॅक लागतो ना!

"म्हणजे," साहेबांचा शिपाई म्हणाला, "हा जॅक लावायला आधी दुसरा जॅक लावावा लागणार." अख्खा हँगर हसला. शेवटी अडगळीतला जुना, बुटका, गंजका जॅक काढला. थेंबरावांनी दांडा पुसला, तेलातली हवा काढली, आणि मागोमाग नट फिरवत विमान उचललं.

साहेब खजील झाले असतील, असं वाटतंय? छे. नव्या जॅकखाली शिरायला विमान उचलून देणारा एक छोटा जॅक त्यांनी लगेच मागवला. दूरदृष्टीबद्दल त्यांचं कौतुकही झालं.

मीसुद्धा थेंबरावांचं कौतुक करायला गेलो. म्हटलं, तुमची सही नव्हती, वाचलात. ते नव्या जॅकपाशी गुडघे टेकून बसले होते. चेहरा पडलेला.

"उंची मी मोजलीच नाही," ते म्हणाले. "सगळं लक्ष खाली. आणि तो थेंब... तो जॅकचा नव्हता. गंज धरू नये म्हणून कारखान्यात वरून तेल फासतात, ते नटाच्या आट्यांत राहिलं होतं. मी जॅक पुसून ठेवला. तेव्हापासून कागद कोरडाच आहे."

म्हणजे नकार बरोबर, कारण चूक. बोलाफुलाला गाठ पडली, आणि पोरीची संधी मात्र खरोखरच गेली. मला राग यायला हवा होता, दया आली. साडूची दया येणं फार वाईट.

जेवताना त्यांनी ते घरीही सांगितलं. लपवणं जमत नाही ना. मी होतो तिथे. ताईने हातातला घास खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी जॅक लावावा, असं मी कधी म्हटलं?" भाची म्हणाली. "चढायचं माझं मी बघितलं असतं. पण परीक्षेलाच बोलावलं नाही, तेव्हा 'का' एवढं तरी विचारायचं होतं. जॅक नका होऊ. टेकायला नट तरी व्हायचं होतं."

थेंबराव उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते साहेबांच्या दाराशी उभे. शिपायाने डोळा मारला, "काय थेंबराव, जॅक लावायला?" हे लालबुंद झाले, पण मागे फिरले नाहीत. आत जाऊन म्हणाले, "नवे जॅक गळत नाहीत. मी चुकलो, तसं लिहून देतो. उंचीबद्दल मात्र सही मिळणार नाही. आणि माझ्या मुलीला परीक्षेला का बोलावलं नाही, ते सांगा. उत्तर मिळेपर्यंत मी इथेच उभा आहे."

उभे राहिले. साहेबांकडे माणसं आली, गेली, हे उभेच. उंचीचा विषय वर पोचू नये, अशी साहेबांची इच्छा असावी. संध्याकाळी भाचीलाही निरोप निघाला; परीक्षा अजून व्हायची होती. परीक्षा भाचीने दिली आणि ती पास झाली, यात माझ्या साडूंचा हात नव्हता.

पण लोकांना कोण सांगणार? पहिल्याच दिवशी ती पंखाखाली नट फिरवत होती आणि शिपाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेवटी थेंबरावांनी जॅक लावलाच!"

ज्या माणसाने हे एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून सगळ्यांची मनं मोडली, तो माझ्या शेजारीच उभा होता. त्यांनी मान खाली घातली. भाचीने मात्र हात थांबवला नाही.

"लावला ना, काका," ती म्हणाली. "या, वाका, नि बघा कागदावर. कुठे गळतोय?"

शिपाई वाकला नाही. थेंबराव वाकले, सवयच ती. बराच वेळ वाकून राहिले. ते उठल्यावर मी पाहिलं, तर कागदावर एक थेंब होता. जॅकचा नव्हता. घरी मी बायकोला सांगितलं, घाम असेल.