सालीसकट बटाटा

माझे सासरे डाळीचा वास घ्यायचे. ताट पुढ्यात आलं की वाटी आधी नाकाशी, मग नजर माझ्या तोंडावर. "तू खाल्लीस का गो?" जसं काय मी विषच कालवलंय! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

पण खोटं कशाला बोलू, डाळीत असायचंच काहीतरी. हृदयाची गोळी चुकली तर जिवाशी खेळ, असं डॉक्टरनं बजावलं होतं, आणि गोळी दिसली की म्हातारा तोंड शिवून बसायचा. नवऱ्याची मानकोलीला गोडाऊनमध्ये ड्युटी, टेमघरच्या घरात दिवसभर आम्ही दोघंच. काही झालं असतं तर लोकांनी मलाच धरलं असतं. म्हणून डॉक्टरला विचारून मी गोळी कुटून डाळीत घालायची. त्यांना कळलंय की काय, म्हणून मी त्यांच्यावर डोळा ठेवून, ते माझ्यावर.

एके दिवशी बघते तर तुळशीच्या कुंडीत पिवळी डाळ! माझं डोकंच फिरलं. "आबा, अन्न आहे ते! एवढा काय माझ्यावर संशय?"

"तुझ्यावर न्हाय गो," म्हणाले. "डाळीवर."

तरुणपणी ते अंबाडीकडचं गाव सोडून आफ्रिकेच्या बोटीवर भटारखान्यात कामाला होते. तिसऱ्या वर्गाचं जेवण त्यांच्याकडे. "वरच्या वर्गाच्या टेबलावरचं उरलंसुरलं सगळं टोपात जायचं. वर मसाला मारला की झाला खालच्यांचा रस्सा. मीच ढवळायचो. पण मान्सं हुशार. रस्सा हुंगायची नि तसाच ठेवायची. उकडलेला बटाटा मातर सालीसकट मागून घ्यायची. सालीत कोन काय लपवनार?"

दुसऱ्या दिवशी मी बटाटे उकडून सालीसकट मिठाबरोबर वाढले. आबांनी वास न घेता खाल्ले. संध्याकाळीही तेच मागितलं. डाळीला हात नाही, म्हणजे गोळी पोटात नाही. बटाट्यात गोळी कुठून घालू, कप्पाळ!

शेवटी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. अख्खी गोळी ताटात बटाट्याशेजारी ठेवली. "ही हृदयाची. इतके दिवस डाळीत कुटून घालत होते. घ्या, बघून घ्या."

आता ताट भिरकावतात की काय, म्हणून मी दोन पावलं मागेच सरले.

"ठाव हाय," ते म्हणाले. "उभी जवानी टोप ढवळन्यात गेली माझी. मला कळनार न्हाय?"

गोळी उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि पाण्याबरोबर गिळली. मग रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. "आता डाळ वाढ."

वाढली. म्हाताऱ्यानं वास घेतलाच. मग वाटी चाटूनपुसून साफ केली.