भिंतीत सोडलेल्या खाचा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी बेळगावात आम्ही मास्तर-कारकून मंडळींनी मिळून घरबांधणीची सोसायटी काढली. जागा लहान, पण खडेबाजार चालत गाठता येईल अशी. लांबचा स्वस्त माळ घेऊन रोज सायकली हाणत बसायला कुणीच तयार नव्हतं. घरं एका ओळीत, दोन घरांत भिंत एकच. विटा कमी लागतात, भट्टीचं सरपण वाचतं, उन्हाळ्यात घरही कमी तापतं, असं आमचे हे सगळ्यांना पटवत फिरायचे. मला मात्र तो नकाशा बघितला की एकच प्रश्न पडायचा, भिंतीपलीकडं कोण येणार?

आम्ही बौद्ध. माझं माहेर निपाणीजवळच्या खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीतलं. गावाच्या आणि आमच्या घरांमध्ये ओढा होता, आणि तो तिथंच बरा असं गावाला वाटायचं. इथं चिठ्ठ्या टाकल्या, त्यात आम्हाला शेजार आला बोरगावच्या एका जैन कुटुंबाचा.

जो आधी बांधेल त्यानं सामाईक भिंत उभारायची आणि शेजाऱ्याच्या तुळया टेकायला तीत खाचा सोडायच्या, अशी रीत. आधी बांधलं आम्ही. खाचा सोडल्या आणि वाट बघत बसलो. दिवाळी गेली, पाडवा गेला, शेजारची जागा मोकळीच.

"मुहूर्त बघत असतील," हे म्हणायचे.

मुहूर्त कसला डोंबलाचा! एक दिवस ती माणसं येतील, हातभर बोळ सोडून स्वतःची वेगळी भिंत घालतील आणि आमच्या खाचा जन्मभर रिकाम्या राहतील, या भीतीनं मला घास गोड लागत नव्हता. ओढ्यापलीकडून इतक्या लांब येऊन पुन्हा तेच बघायचं, याची मला फार भीती वाटायची.

शेवटी त्यांचा पाया आखायला गवंडी आला. पाठोपाठ त्या घरचे म्हातारे आप्पा. हे शाळेत गेलेले, घरात मी एकटी. आप्पा दारात पायताण काढून आत आले, भिंतीवरून हात फिरवत उभे राहिले.

"बाई, चूल कुठल्या अंगाला हाय?"

खोटं बोलावं असं फार वाटलं.

"ह्याच भिंतीला."

"आणि वशाट?"

आता संपलंच सगळं. आणि मग का कोण जाणे, मला रागच आला.

"ऐतवारी मटण शिजतंय. पुढंबी शिजणार."

आप्पांनी दाराबाहेर बघितलं. बाहेर गवंडी दोरी घेऊन थांबलेला. ती आमच्या भिंतीला लागणार की हातभर लांब धरली जाणार, एवढंच आता ठरायचं होतं.

"मग ऐतवारी आमी खिडकी लावून घेतो," आप्पा म्हणाले. मग दारातनं ओरडले, "गवंड्या, दोरी भिंतीलाच धर रं. तुळया हितंच बसणार हैत."

मी मटकन खाली बसले आणि पदरात तोंड घालून रडले.