बा मुकुपांची वही आणि टाकीकडचा गोल

शाफ्ट सेव्हन या फुटबॉल क्लबच्या मैदानावर एव्हारिस्टो मुकुपाच्या शेजारी कुणी बसत नसे. चुकून बसलाच तर दहा मिनिटांत उठून जाई. माणूसच तसा. कुणी "वा, काय फटका!" म्हटलं रे म्हटलं, की हा वहीतून मान वर न करता विचारणार, "कुठून मारला?" आता आनंदानं ओरडणारा माणूस कुठून मारला ते बघत बसतो होय? तो बिचारा म्हणणार, "तिथून, त्या बाजूनं." झालं! "चौदा पावलं. मध्ये दोन बॅक उभे. असे दहा मारले की एक जातो. हा गेला नाही. यात वा कसलं?"

तोंडावर सगळे त्याला बा मुकुपा म्हणत, वडीलधाऱ्याला म्हणायचं तसं. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकतीस वर्षं तो झांबियातल्या मुफुलिराच्या तांब्याच्या खाणीत नमुनेवाला होता. जमिनीखाली खडकाच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर हातोडा मारायचा, निघालेला तुकडा पिशवीत टाकायचा, पिशवीला नंबर बांधायचा आणि वर प्रयोगशाळेत पाठवायची. त्यावरून साहेब ठरवणार, या भिंतीत तांबं किती. यात एकच पथ्य. जिथे चमकतं तिथे हातोडा मारायचा नाही. डोळा चमकेकडेच जातो आणि डोळा माणसाला खड्ड्यात घालतो. मुकुपानं हे पथ्य पाळलं आणि न पाळणाऱ्या चार जणांची नोकरी घालवली. त्याला त्याचा अभिमान होता, आणि त्या चौघांच्या बायका बाजारात अजून त्याच्या बायकोशी बोलत नसत.

पेन्शनीत निघाल्यावर त्यानं हातोडा ठेवला आणि वही धरली. घरच्या प्रत्येक सामन्यातला प्रत्येक फटका, आपला असो की परक्याचा, मैदानाच्या आकृतीवर खूण करून लिहायचा. पायानं की डोक्यानं, मध्ये किती माणसं, गोलकीपर कुठे. सामना संपून लोक घरी निघाले की हा मैदानात उतरणार आणि प्रत्येक जागेवरून गोलापर्यंत पावलं मोजणार. नऊ वर्षं! त्यातून त्यानं तक्ता बनवला. सहा पावलांवरून समोर मोकळं असेल तर दहातले चार गोल व्हायलाच हवेत. अठरावरून दहात एक. मग कुठल्याही स्ट्रायकरचे फटके घ्यायचे, तक्त्याला लावायचे, आणि 'व्हायला हवे होते' इतके व 'झाले' इतके. पोरगा तरबेज आहे की नुसता नाचतो, ते कळलं.

लोक शिव्या देत, पण मानत. कॉपरबेल्टमधल्या कुठल्याही क्लबाला स्ट्रायकर घ्यायचा असला की ट्रेनर आधी विचारणार, "मुकुपाची वही काय म्हणते?"

बाहेरगावच्या सामन्यांना मात्र तो जात नसे. सहा वर्षांपूर्वी चिंगोलात हा पावलं मोजत राहिला आणि क्लबची बस याला सोडून निघून आली. क्लबचा सेक्रेटरी विल्सन जेरे म्हणाला, "अरे, विसरलो!" मुकुपा म्हणाला, "उंदरं खाणाऱ्याच्या लक्षात माणसं राहतील कशी?" जेरे न्गोनी, मुकुपा बेम्बा. या दोन जमातींत पिढ्यान् पिढ्या चेष्टेचं नातं. न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ म्हणावं, बेम्बानं न्गोनीला उंदीरखाऊ, अगदी मयताच्या घरातसुद्धा, आणि रागावेल तो मूर्ख. तेव्हा शिवीचं काही नाही. पण मुकुपा त्या बसमध्ये पुन्हा चढला नाही, आणि बाहेरचे गोल वहीत चढले नाहीत. "रेडिओवरचा गोल मी धरत नाही," तो म्हणे. "मी पाहिलं तेवढंच खरं."

आणि याच वहीपुढे यंदा क्लबच्या स्ट्रायकरची, जस्टिन सिकाझ्वेची मान आली.

पोरगं बावीस वर्षांचं, म्बालाकडचं, उंच, कमी बोलणारं. निम्मा हंगाम झाला होता. त्याला ठेवायचा की सोडायचा हे क्लबाला शनिवारी ठरवायचं होतं. सोडला तर दुसरा क्लब घेणार का, तेही वहीवरच. नाहीतर सरळ म्बाला, बापाच्या मक्यात.

शनिवारी दुपारी कमिटी क्लबच्या खोलीत बसली. सिकाझ्वे दाराशी उभा. मुकुपानं वही उघडली आणि त्याच्याकडे बघून बघून वाचली. "घरच्या मैदानावर सेहेचाळीस फटके. व्हायला हवे होते अकरा. झाले पाच. नऊ वर्षांत इतका वाया घालवणारा माणूस मी पाहिला नाही. याला जागा सापडते, चेंडू मिळतो, आणि शेवटी हा माती खातो."

जेरे म्हणाला, "अरे माकडखाऊ, बाहेर त्यानं सात मारलेत. मी पाहिले."

"तू? तुला चष्म्याशिवाय स्वतःचं ताट दिसत नाही."

कमिटी हसली. सिकाझ्वे हसला नाही. तो म्हणाला, "बा मुकुपा, मी फटका वरच्या आडव्या बारच्या खाली एक वीत मारतो. लहानपणापासून तसाच. कीपरचा हात तिथे पोचत नाही. बाहेर तो आत जातो. इथे पाण्याच्या टाकीकडच्या गोलात तो बारला लागतो. त्या गोलात काहीतरी गडबड आहे. मी मार्चमध्येच सेक्रेटरींना सांगितलं होतं."

"हात्तिच्या!" मुकुपानं वही मिटली. "नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं! आता खांबांचा दोष? उद्या म्हणशील चेंडू चौकोनी. लाज नाही वाटत?"

पोराचा चेहरा काळवंडला. "तुम्ही मोजता ना सगळं? मग तेही मोजा की."

"मला शिकवतोस? चालता हो."

कमिटीनं हात वर करून मत दिलं. सोडला. कागद त्याच दिवशी लीगकडे गेला. सोमवारी सकाळी कासामाच्या बसनं पोरगं म्बालाला जाणार.

रविवारी मुकुपा जेवायला बसला. मक्याच्या न्शिमाचा गोळा हातात तसाच. बायको, बाना मुंबा, समोर बसून बघत होती. ती म्हणाली, "काय झालंय? कापेंता मासा खारट झालाय का?"

"ते कार्टं मला मोज म्हणालं. मला!"

"मग मोजून या. खोटं बोललं असेल तर तसं लिहा वहीत आणि सुखानं जेवा. रोज रोज हे तोंड मी नाही बघणार."

हे त्याला पटलं. पोराचा खोटेपणा शाईनं लिहायचा, या खुशीत तो टेप घेऊन निघाला. मैदान रिकामं होतं. टाकीकडच्या गोलाखाली उभा राहिला, टेपचं टोक बारला अडकवलं, दुसरं जमिनीला टेकवलं.

आठ फूट हवे. भरले सात फूट एक इंच.

त्यानं पुन्हा मोजलं. मधोमध मोजलं, दोन्ही खांबांशी मोजलं. मग तरातरा क्लबाकडच्या गोलाशी गेला. तिथे बरोबर आठ. परत आला. हे कसं झालं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. टाकीकडची जमीन दरवर्षी खचते. खाली खाण पोकळ केलेली, वर जमीन बसणारच, आणि जमिनीबरोबर खांबही बसतात. पावसाचं पाणी तिथे साचायचं. त्या डबक्यात पावलं नीट पडत नाहीत म्हणून दरवर्षी माळ्याच्या डोक्यावर बसून, भांडून, कमिटीला पत्रं लिहून भर टाकून घेणारा कोण? एव्हारिस्टो मुकुपा! जमीन वर येत गेली, खांब होते तिथेच राहिले. आपला गोलकीपर हल्ली टाचा न उचलता बार धरायचा. गावाला वाटलं, पोरगा वाढला.

तो तिथेच बसला आणि वही उघडली. आकृत्या होत्याच, प्रत्येक खूण कुठल्या बाजूला ते दिसत होतंच. त्यानं सिकाझ्वेचे फटके दोन ढिगांत वेगळे केले. क्लबाकडचे बावीस. व्हायला हवे चार, झाले पाच. टाकीकडचे चोवीस. व्हायला हवे सात, झाले शून्य. नऊ बारला, सहा निसटते वरून. बाकीचे आपले स्ट्रायकर जमिनीलगत ढकलणारे, त्यांना बार उंच काय नि बुटका काय. मार बसला तो या एकट्याला.

दोन भिंतींचे तुकडे एका पिशवीत टाकायचे नाहीत. नमुनेवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात हे. एकाची चूक झाली तेव्हा यानंच त्याला साहेबापुढे उभं केलं होतं. आणि इथे स्वतः नऊ वर्षं एकाच पिशवीत कोंबत बसला. स्वतःच्या नावानं त्यानं ज्या शिव्या घातल्या, त्या कमिटीनंही कधी घातल्या नव्हत्या.

तसाच तो जेरेच्या घरी गेला. जेरे आंब्याखाली खुर्ची टाकून बसला होता. मुकुपानं सगळं सांगितलं, टेप दाखवली. जेरेनं शांतपणे ऐकलं. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"पोरगं मार्चमध्ये बोललं तेव्हाच मोजला मी. लीगला कळलं तर घरचे सगळे सामने बाद होतील. गुण जातील, आपण खालच्या डिव्हिजनमध्ये. हंगाम संपला की गुपचूप उचलतो खांब. एका पोरापायी गाव बुडवायचं?"

"आणि काल माझी वही वाचून घेतलीस! बाहेरचे सात गोल सांगून त्याची बाजू घेतल्याचं नाटक केलंस!"

"तू इतक्या जोरात वाचलीस, मला काही करावंच लागलं नाही." जेरे उठला. "घरी जा, मिस्टर मुकुपा. आणि वही बंद ठेवा."

माकडखाऊ म्हणाला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या तोंडातून शिवी आली नाही. चेष्टा संपली की काय उरतं ते मुकुपाला ठाऊक होतं. क्लबवाल्यांनी दार बंद केलं तर मैदानावर त्याला उभं करणार नव्हते, आणि मैदानाशिवाय त्याच्याकडे होतं काय?

सोमवारी सकाळी तो बसस्टँडवर गेला. सिकाझ्वे पिशवीवर बसून भाजलेलं कणीस खात होता. मुकुपाला बघून त्यानं तोंड फिरवलं.

"हे घे." मुकुपानं वहीचं पान फाडून पुढे केलं. आयुष्यात त्यानं वहीचं पान फाडलं नव्हतं. "कुठल्याही क्लबाला दाखव. माझं अक्षर सगळे ओळखतात."

सिकाझ्वेनं पान घेतलं नाही. "वाचा."

"वाच ना तू."

"शनिवारी तुम्ही वाचलंत. खोलीभर लोकांसमोर, माझ्याकडे बघून. आता पण तसंच वाचा."

स्टँडवर निम्मं गाव होतं. भाजीवाल्या बाया, शिफ्टवरून सुटलेले खाणकामगार, अंगात शाफ्ट सेव्हनचे हिरवे शर्ट. मुकुपानं चष्मा लावला आणि वाचलं. आवाज मोठा होता. टाकीकडचा गोल सात फूट एक इंच. तिथले चोवीस फटके बाद. उरलेल्या बावीसांत व्हायला हवे चार, झाले पाच. हा माणूस गोल मारू शकतो. मी, एव्हारिस्टो मुकुपा, चुकीचं मोजलं.

एक हिरवा शर्ट ओरडला, "अरे म्हाताऱ्या, गुण घालवलेस आमचे!" कुणी टोमॅटो मारला, तो खांद्यावर फुटला. "गद्दार!" "बेम्बा कुठला!" ही मात्र चेष्टा नव्हती. एक जण अंगावर आला, त्याला भाजीवालीनं मागे ओढलं. मुकुपा जागचा हलला नाही. त्यानं पान पुन्हा पुढे केलं.

सिकाझ्वेनं ते घेतलं, सावकाश वाचलं, बोटानं आकडे तपासले. मग परत त्याच्या हातात ठेवलं.

"एक ओळ राहिली."

"कुठली?"

"तुम्ही जे घडतं ते सगळं लिहिता ना? लिहा. जस्टिन सिकाझ्वेनं माफ केलं नाही."

मुकुपानं त्याच्याकडे पाहिलं. पोराचे डोळे भरले होते, पण नजर हलली नाही. बसवाला हॉर्न वाजवत होता. मुकुपानं खिशातलं पेन काढलं, पान वहीवर टेकवलं, टोमॅटोचा रस बाहीनं पुसला आणि ती ओळ लिहिली. खाली तारीख घातली आणि सही केली.