तिसरं पेडल

सरावलीच्या रस्त्याला चिकूच्या वाडीत एक बाई मला रोज दिसायच्या. मी स्कूटरवरून शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा त्या एक तर आपल्या कारखाली असायच्या, नाहीतर डोक्याला ओढणी गुंडाळून चिकूच्या क्रेटवर पाने-पकडी पुसत बसलेल्या. गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला होता. गॅरेजवाला म्हणाला भंगारात घाला, म्हणून बाई अंगणातच हाताने टाकायचे गिअर बसवत होत्या. डाव्या पायाने दाबायचं क्लचचं तिसरं पेडलसुद्धा नवीन. अख्खी आळी हसत होती.

एकदा मी थांबून विचारलं, "कशाला एवढी मेहनत?"

"अगं, ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून राहतो. मला नाही चालत."

परवा वाडीच्या फाटकाशी माणसं जमली होती, म्हणून मीही स्कूटरवर बसूनच थांबले. बाईंनी किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला. गाडी दोन हात पुढे आली आणि गचका देऊन बंद पडली.

"गेली," शेजारचे काका म्हणाले.

बाईंनी खिडकीतून डोकं काढलं. चेहरा नुसता फुलला होता. "काका, क्लच पटकन सुटला म्हणून बंद पडली. ऑटोमॅटिक कधी अशी पडली होती का? बसला गिअरबॉक्स!"

दुसऱ्यांदा त्यांनी पाय अगदी हळू सोडला. गाडी फाटकाबाहेर आली, दुसरा गिअर पडला आणि बाई हॉर्न वाजवत विवळवेढ्याच्या दिशेने निघून गेल्या. काकांना बाजूला व्हावं लागलं.

माझ्या स्कूटरला क्लच नाही. तरी माझा डावा पाय खालच्या फळीवर घट्ट दाबलेला होता. मीही तो हळूच सोडला.